काळ्या ठोकळ्यावरचे पांढरे टिपके

भाऊजी, तुम्हाला नेलं त्या सकाळी तुमच्या दत्तानं प्रेसचं शटर अर्धंच ओढलं होतं. बायका ओट्यावर रडत होत्या, आणि तुमची ही वहिनी दुखरे गुडघे धरून त्या अर्ध्या शटरखालून आत डोकावत होती. कोपऱ्यातलं ट्रेडल, ते पायानं हाणायचं जुनं छपाईचं मशीन, अजून फिरण्याजोगं आहे का, एवढंच मला बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

शशीनं मला पाहिलं. तुमची बायको, माझी धाकटी जाऊ. तिच्या नजरेतून काय सुटतं? शेजारची कुणीतरी म्हणाली, "मोठ्या बाईनं लईच धसका घेतला." घेतला होताच. ज्या माणसाला अर्धं आयुष्य एकच प्रश्न विचारत आले, तो उत्तर न देताच तिरडीवर जाऊन पडला होता. वर कपाळाला बुक्का, गळ्यात हार, चेहरा कसा एकदम साळसूद.

प्रश्न काही फार मोठा नव्हता. त्या दिवशी तुम्ही शाईत रॉकेलचा थेंब घातला होता का नाही?

तुम्हाला सगळं पाठ आहे. पण हे दुसरंही कुणी वाचेल, त्याला कळायला पाहिजे, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही मधे बोलू नका. आता तशी सोय झालीच आहे.

तेव्हाची ती बया, म्हणजे मीच, आठवते का? मला आठवली की हसू येतं. हिंगोलीजवळच्या गोरेगावची पोरगी, हिंगोलीतच कॉलेजात रसायनशास्त्र शिकली, लग्न होऊन लांबच्या एका कागदाच्या मिलच्या कॉलनीत गेली. नवरा, म्हणजे तुमचे दादा, मिलमध्ये फिटर. मिलच्या लॅबमध्ये ही टेंपररी लागली आणि हिला शिंगं फुटली. पांढरा कोट मिलमध्ये घालायचा असतो. ही सुट्टीत सासरी हिंगोलीला येताना तो पिशवीत सगळ्यात वर ठेवायची, म्हणजे पिशवी उघडली की आधी कोट दिसला पाहिजे. लग्नाची पत्रिका हातात पडली की वधू कोण, वर कोण हे वाचायच्या आधी कोपरा फाडून फाटलेल्या कडेचे तंतू बघायची. आत्याबाईंच्या, आपल्या सासूबाईंच्या, माहेरची पत्रिका आली, तीही हिनं हळदकुंकू लावलेल्या कोपऱ्यापासूनच टरकावली. आत्याबाई ओरडल्या, "अगं भवाने, लगनाआधीच फाडून राहिली का?" आणि ही शहाणी कागद उजेडाला धरून म्हणते कशी, "आत्याबाई, तंतू आखूड हायत. बांबू कमी पडला."

तुम्ही दाराआड तोंडात रुमाल कोंबून हसत होतात. त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं नाव लगदेबाई.

नाव काही खोटं नव्हतं. लगदा शिजवणं आणि तपासणं हेच माझं काम. मिलला बांबू कमी मिळायला लागला होता आणि नीलगिरीचे ओंडके गाड्या भरभरून यायला लागले होते. बांबूचा तंतू लांब, त्यानं कागद लवकर फाटत नाही. नीलगिरीचा आखूड, पण त्यानं कागद सपाट आणि भरीव होतो, पानामागचं अक्षर पुढून दिसत नाही. छपाईला हेच तर पाहिजे. पण तिच्यात एक अवगुण आहे. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की तंतू शेवयांसारखे दिसतात आणि त्या शेवयांत मधेच बारके बारके ढोल पडलेले असतात. झाडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्यांचे ते तुकडे. कागदात ते पृष्ठभागावर चपटे होऊन पडतात. वरून चिकट शाईचा दाब आला की शाईलाच चिकटून उचकटतात, आणि काळ्या छपाईत तेवढ्या जागी पांढरा टिपका राहतो.

त्याला उपाय म्हणजे लगदा कुटायचा. कुटला की ढोल मऊ पडतात आणि शेवयांना धरून बसतात. पण जास्त कुटला तर कागद तेल लागल्यासारखा आरपार दिसायला लागतो, मग मागचं अक्षर पुढं आलंच. म्हणून कुटता कुटता कुठं थांबायचं, ह्याच्यावर सगळा खेळ. ओंडक्याच्या चिपा कॉस्टिक सोड्यात शिजवायच्या, धुवायच्या, कुटायला घालायच्या. थोड्या थोड्या वेळानं वाटीभर लगदा काढायचा, पाणी किती लवकर निथळतं ते बघायचं, जाळीवर पापडाएवढा गोल कागद पाडायचा, दाबायचा, वाळवायचा. मग तो फाडून बघायचा, फोडून बघायचा, काळ्या पाटीवर ठेवून बघायचा. अंगाला सडक्या अंड्यांचा वास. दादा दारातच नाकाला पंचा लावायचे, "आज काय शिजवलं? घरी तरी काही शिजवणार का?" आणि मी जेवताना भाकरीसुद्धा दिव्यासमोर धरून बघायचे, कुठं दाट आहे, कुठं विरळ आहे.

थांबायची ती जागा मला सापडली, भाऊजी. मलाच सापडली. त्या लगद्याचा कागद मशीनवर काढला, लॅबमधल्या सगळ्या परीक्षा तो पास झाला. राहिली फक्त खऱ्याखुऱ्या छापखान्यातली. साहेब म्हणाले, "साधा प्रेस बघा. शहरातल्या मोठ्या मशीनवर काहीही छापून येतं. आपला कागद तालुक्याच्या गावात वह्या-पुस्तकांना जाणार आहे." त्याबरोबर त्या शहाणीनं हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा, बोट हलवत. "साहेब, माझ्या दिराचा प्रेस आहे. हिंगोलीला."

आज त्या पोरीचा हात धरून खाली ओढावासा वाटतो. एक चापट पण द्यावीशी वाटते.

ती छपाई नीट आली असती तर मी परमनंट होणार होते. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. तुमच्याच प्रेसच्या ओट्यावर बसून मी विचारलं होतं, पेढे आधी वाटू का नोकरीची ऑर्डर हातात आल्यावर. कागदाचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी रेल्वेनं आले होते, लेकरू आणावं तसा. डब्यात कुणी पाय पसरले तरी मी खेकसत होते. मला लगेच ड्युटीवर परतायचं होतं. तुम्ही गठ्ठा घेतलात, कागदावरून तळहात फिरवलात आणि म्हणालात, "वहिनी, तुमी निवांत जा. बराबर छापून साहेबालाच धाडून देतो."

काय ते "बराबर"!

थोड्या दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. ओरडले वगैरे काही नाहीत. टेबलावरून एक कागद माझ्याकडं सरकवला. मधोमध तळहाताएवढा काळा ठोकळा छापलेला, आणि त्यावर पांढरे टिपके. एखाददुसरा असता तर मी वाद घातला असता. इथं तर तांदूळ सांडल्यासारखे पसरलेले. सोबत तुमची चिठ्ठी: कागद तंतू सोडतो, छपाईला चालणार नाही.

मी ठोकळ्यावर अंगठा फिरवला. शाई उंच बसली होती, काकवीसारखी. मी म्हणाले, "साहेब, शाई घट्ट आहे. पातळ न करता मारली आहे." साहेबांनी चष्मा काढला. "तुमचेच दीर आहेत ना?"

परका असता तर म्हणता आलं असतं, खोटं बोलतोय. घरचा माणूस वहिनीचं वाईट कशाला करेल?

नीलगिरीची ती खेप बाजूला पडली, आणि तिच्याबरोबर मीही. टेंपररीची मुदत कुणी वाढवली नाही. इकडं हिंगोलीत आत्याबाई लकव्यानं खाटेवर, शशीच्या काखेत पाठोपाठची दोन लेकरं. दादा म्हणाले, "आता तू मोकळीच आहेस, तर घरी राहा." मोकळीच! मी पांढरा कोट दुलईच्या खोळीत कोंबला, उरलेला कागद ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला आणि तुमच्या घरी राहायला आले. कॉलनीतल्या खोलीत दादा एकटेच. दिवाळीला नवरा पाहुण्यासारखा यायचा आणि परत जाताना पाहुण्यासारखाच वाकून आईच्या पाया पडायचा. मी आत्याबाईंचे कपडे बदलले, त्यांना भरवलं, तुमच्या पोरांचा शेंबूड पुसला, माझी पोरं मोठी केली. केलं, त्याचं काही नाही. पण माझ्या मनानं केलं नव्हतं.

मी घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही न्हाणीपाशी हात घासत होतात, तरी नखांतली शाई निघत नव्हती.

"भाऊजी, शाई कोणती होती?"

"काळी," तुम्ही म्हणालात.

आणि हसलात. मी पण हसले, हेच तर वाईट. दीर-वहिनीची थट्टा आपल्याकडं अशी मुरलेली असते की तिच्यात काहीही लपवता येतं. तुम्ही नंतर किती वेळा लपवलंत! आला-गेला माणूस असला की मुद्दाम सांगायचात, "आमच्या वहिनीच्या लगद्याला देवी आल्या होत्या, सगळ्या तोंडावर वण." मी म्हणायचे, "तुमच्या शाईनं पापड लाटता येतील." लोक हसायचे. कुणाला वाटायचं, काय छान जमतं ह्यांचं. जमत होतं, हेही खरं. त्यामुळंच मला अजून नीट रडता येत नाही. नात विचारते, "आजी, सगळे रडले, तू काहून रडत न्हाईस?" काय सांगू तिला? माझं भांडण संपलं नाही म्हणू?

गोरेगावला जाताना रस्त्याच्या कडेला नीलगिरीची रांग लागते. जीप तिथं आली की तुम्ही ड्रायव्हरला हमखास सांगायचात, "जरा हळू घे रे. वहिनीचं सासर आलं." एकदा तिथंच मी परत विचारलं, "भाऊजी, रॉकेल घातलं होतं का नव्हतं, एकदा सांगून टाका." तुमच्याऐवजी ड्रायव्हरच घाबरून बोलला, "न्हाई हो काकू, डिझेलच हाय. रॉकेलवर आपून गाडी चालवतच न्हाई." तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. ते पाणी मी बघितलं होतं. हसण्याचंच समजले.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल वहिनी एकांगी लिहून राहिली. आत्याबाई गेल्या आणि पोरं शाळेत जायला लागली, तेव्हा तुम्ही मला प्रेसमध्ये नेऊन बसवलंत. खिडकीपाशी लाकडी खुर्ची, तिच्यावर तुम्ही स्वतः शिवून आणलेली उशी. "प्रुफं तुमी वाचा, वहिनी. आमच्या अक्षराला वळण न्हाई अन् शब्दाला पण न्हाई." शाळांच्या परीक्षांचे पेपर, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. मला कुणी "बाईमाणूस इथं काय करून राहिली" असं म्हणालं, की तुम्ही त्याचं काम परत करायचात. दादा गेले तेव्हा तुम्ही प्रेस बंद ठेवून माझ्या उंबऱ्याशी बसून राहिलात, पाणीसुद्धा मागितलं नाहीत. आणि कुठल्याही कागदाचा नमुना आला की पहिल्यांदा माझ्यासमोर. "लगदेबाई, हात लावून बघा बरं." मी कोपरा फाडायचे, जीभ लावायचे, कानापाशी वाजवायचे. मी मान हलवली नाही तर तो माल तुमच्या दारात उतरला नाही कधी.

म्हणजे माझ्या हाताला कागद कळतो, हे तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. त्या खुर्चीत बसून इतकी वर्षं मी समजत होते की हा माझा मान आहे.

तुम्हाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्ता म्हणाला, "मोठीआई, तेरवीची पत्रिका समोरच्या प्रेसमध्ये टाकतो. सुतकात आपली मशीन कशी चालवायची? अन् तसं बी व्हॉट्सॲपवर पाठवली की झालं."

मी म्हणाले, "तुझ्या बापाची पत्रिका दुसऱ्याच्या प्रेसमध्ये? त्यापेक्षा मी पाटीवर खडूनं लिहून दारात लावते."

दत्तानं प्रेसची किल्ली काढली. तुमचंच पोरगं, कुठं दाबलं की वाकतो ते मला ठाऊक आहे. ऑफसेट आल्यापासून ट्रेडलवर फक्त बिलबुकांचे नंबर मारत होता. मी त्याला शाईचे रूळ पुसायला लावले, शिशाची अक्षरं कशी लावायची ते विचारलं. आठवत होतं त्याला, तुम्ही शिकवलेलं. मग म्हणाले, "आन् तो जस्ताचा ठोकळा काढ, तुझा बाप काळं भरायला वापरायचा तो." त्यानं विचारलं नाही कशाला. सुतकातली म्हातारी, तिला कोण काय विचारणार?

ट्रंकेतून मी तो कागद काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. तुमच्याएवढाच म्हातारा झाला होता. कागद म्हातारा झाला की तंतू जास्त सुटतात, कमी नाही. म्हणजे परीक्षा तुमच्याच बाजूनं झुकलेली होती. मी शाईच्या फरशीवर शाई घेतली, तुम्ही रोज घालायचात तसा रॉकेलचा थेंब घातला, सुरीनं घोळली. रुळांवरून सारखी पसरेपर्यंत मशीन नुसतंच फिरू दिलं. मग दत्ताला म्हणाले, "हाण."

ठोकळा छापून आला. मी खिडकीपाशी तुमच्या उशीवर बसले, भिंग डोळ्याला लावलं. काळं होतं, नुसतं काळं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. पांढरा टिपका एकही नाही.

लॅबमध्ये शिकले होते, एका खेपेवर भरवसा ठेवायचा नाही. मग फरशी पुसली, डब्यातली शाई तशीच घट्ट घेतली, रॉकेल नाही, काही नाही. दुसरा कागद. "हाण." आणि ते आले. तांदूळ सांडल्यासारखे. तेच, जे साहेबांनी माझ्याकडं सरकवले होते. जणू तेव्हापासून आत दडून बसले होते आणि आता हाक मारल्यावर बाहेर आले.

तेव्हा थंडीचे दिवस होते, शाई गारठली असेल, असं म्हणून तुम्हाला सोडून देता आलं असतं. पण तुम्ही प्रेसमध्ये वाढलेले. पोरगं आईचं दूध पितं तसं तुम्ही शाईच्या वासावर वाढलेले. फरशीवर सुरी टेकवली की ती किती घट्ट आहे ते तुम्हाला कळायचं. तुमच्या हातून हे चुकून होणार नव्हतं.

शशी चहा घेऊन आली होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढं धरले. तिनं हातात घेतले नाहीत.

"अक्का, हे आता काहून करून राहिल्या तुमी?"

तिच्या आवाजात नवल नव्हतं. माझ्या लगेच ध्यानात आलं.

"तुला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांलाच माहीत होतं," ती म्हणाली. "आत्याबाईंनी सांगितलं, मोठी आली पाहिजे घरी. बोलायला जीभ वळत नव्हती, तरी तेवढं बराबर बोलल्या. ह्यांनी त्या दिवशी शाई लावली अन् मागच्या दाराला जाऊन बसले. रडत होते. जेवले न्हाई."

"रडत होते, अन् शाई घट्ट ठेवली."

"व्हय," शशी म्हणाली. "दोन्ही केलं."

दत्ता मशीनमागं उभा होता. त्यानं रुळावरची शाई पुसायला सुरुवात केली, पुसलेलीच परत पुसत राहिला.

"मला तोंडानं का नाही विचारलं, शशी? एकदा म्हणायचं होतं, वहिनी, घरी या."

"तुमी आल्या असत्या?"

खोटं बोलणार होते. पण तुमच्याच उशीवर बसले होते आणि हातात तो काळा ठोकळा होता.

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग? दोन लेकरं काखेत अन् म्हातारी खाटेवर. माझं वय काय होतं, अक्का? मी कुणाला धाडायची होती चिठ्ठी?"

तिच्यावर राग काढावा, तर ती बरोबर बोलत होती. ते मला जास्तच लागलं. चहा गार झाला. आम्ही दोघींनी तो तसाच गार प्याला, आणि त्यात साखर नव्हती हे दोघींनाही पिऊन झाल्यावर कळलं.

भाऊजी, आता मला ते सगळं पुन्हा बघावं लागतंय. ती खुर्ची, ती उशी, हात लावून बघा बरं, उंबऱ्याशी पाणी न मागता बसणं. मी मान समजत होते, तुम्ही तर फेड करत होतात. रोज थोडी थोडी, मला न सांगता. मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते, थाळी आपटली असती, माहेरी गोरेगावला निघून गेले असते, आणि मग परतही आले असते. तेवढा हक्क माझा होता. माझ्या वाट्याचा राग तुम्ही मला कधी काढूच दिला नाहीत. त्याच्याऐवजी एक उशी दिलीत.

उशी मऊ होती, ते नाकारत नाही.

आणि कधी कधी वाटतं, मिलमध्ये राहिले असते तर काय झालं असतं? परमनंट लगदेबाई. अंगाला वास, पांढरा कोट, नीलगिरीच्या कागदावर छापलेल्या वह्या जिल्ह्याजिल्ह्यात. त्या वह्या उघडून पोरांनी माझं नाव घेतलं असतं असं त्या बयेला वाटायचं. वहीच्या कागदावरून कोण कुणाचं नाव घेतं, वेडी! पण ते वेडेपण तिचं होतं. ते काढून घ्यायचा अधिकार घट्ट शाईला नव्हता.

पत्रिका मीच ठरवली. दत्ताला म्हणाले, "ह्याच कागदावर छापायची. घडी घाल. पहिल्या पानावर नुसता ठोकळा."

"नुसता काळा? फोटो न्हाई, नाव न्हाई?"

"नाव आतल्या पानावर."

"मोठीआई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शोक झाला."

शशी दारात उभी होती. मला वाटलं, आता अडवेल. नवऱ्याची पत्रिका आहे, तिचा अधिकार आधी. ती म्हणाली, "दत्ता, अक्का सांगतात तसं कर. अन् शाईत रॉकेल घाल बराबर. मागच्या वेळेवानी नको."

त्या पत्रिका मी मोजल्या नाहीत, पण एकेक करून भिंगाखाली घातल्या. एकीवरही टिपका नव्हता. तुमचा हात नसताना, दत्ताच्या हातून, इतक्या जुन्या कागदावर. अशी छपाई तुम्ही माझ्यासाठी फक्त एकदा करायला पाहिजे होती.

तेरवीला माणसं पुष्कळ आली, म्हणजे तुम्हाला आवडतील तेवढी. बुंदी जरा कडक झाली होती. वसमतकडचे तुमचे जुने गिऱ्हाईक, हळदीचे अडतवाले, पंगतीतून उठून हात धुऊन माझ्याजवळ आले. पत्रिका हातात होती. काळ्यावरून बोट फिरवून म्हणाले, "वहिनी, छपाई बघा कशी आली. आजकाल असं भरीव काळं येत न्हाई. मधूशेठच्याच हातची वाटते."

मी म्हणाले, "शाई त्यांचीच."

त्यांनी पत्रिका उलटसुलट केली, उजेडाला धरली. मागचं नाव पुढून दिसत नव्हतं. "अन् कागद? कागद कुठला हो?"

शशी बुंदीचं ताट घेऊन मागंच उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"माझा," मी म्हणाले.